तळाच्या खडीचं शास्त्र

ग्वाल्हेरच्या आमच्या माधवगंजात सध्या एका बागतज्ज्ञांचा शब्द प्रमाण मानला जातो. त्यांचं शास्त्र आटोपशीर आहे: कुंडी सहा इंचांची पुरे, तळाला दोन इंच खडी, वर माती, मग मेथी लावा नाहीतर टोमॅटो, मुळं आपली सोय बघतात. मे महिन्यात झाड गेलं तर पाणी कमी पडलं, श्रावणात गेलं तर जास्त झालं. शास्त्र शाबूत, मरायचं ते झाडानं.

आधी खडीचंच घेऊ. तिनं निचरा होतो म्हणे. बारीक माती पाणी धरून ठेवते. तिच्याखाली जाड खडी आली की वरची माती तुडुंब भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा चिंब थर राहतो. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खडी घातल्यानं तो जात नाही, खडीच्या डोक्यावर चढून बसतो. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. गळायचा थांबला की तोच उभा करा. पुन्हा पाणी सुटेल. त्याला उंची मिळाली, एवढंच. आता सहा इंचांतले दोन खडीनं खाल्ले, उरलेल्या चारातला तळ कायम ओलाचिंब. मुळांनी श्वास घ्यायचा कुठे? भोकावर माती अडवायला एक खापरी ठेवा, बस्स.

चार इंच मातीत मुळा लावलात तर भाजीपुरता पाला मिळेल. आणि ४५ अंशांच्या लूत ती माती दुपारपर्यंत भाजून निघते.

हेच तज्ज्ञ पूर्वी सांगत, कुंड्यांनी गच्ची गळते. गळायची ती पालापाचोळ्यानं तुंबलेल्या पन्हळीमुळे. पण पन्हळ साफ करायला वाकावं लागतं, मत द्यायला नाही.

मग करावं काय? पालेभाज्यांना सहा ते आठ इंच निखळ माती, त्यात खडी नाही. मिरची-वांग्याला फूटभर. टोमॅटो, लिंबू, कढीपत्त्याला दीड फूट. फूटभर लांब-रुंद-खोल ओली माती ४५ ते ५० किलोंच्या घरात जाते, म्हणून लश्कर भागातल्या जुन्या दगडी पटियांच्या छतावर मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवा, मधोमध नको. माती, शेणखत, कोकोपीट सारखं घेतलं तर भार हलका होतो. मेथी-पालक ऑक्टोबरात पेरा. अळूला पसरट, फूटभर खोल टब आणि दुपारची सावली हवी. वडीची पानं मग बाजारात शोधावी लागत नाहीत. कढीपत्ता इथल्या थंडीत पानं टाकतो. तेव्हा पाणी कमी करा आणि होळीपर्यंत वाट बघा. तज्ज्ञांनी शेजारच्या गच्चीवरचा जानेवारीतच उपटायला लावला होता.