आधी घर, मग जीव



मागच्या रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर आठवीतला एक मुलगा मोबाइल घेऊन माझ्याजवळ आला. पडद्यावर एक गुलाबी जीव होता. गळ्याभोवती पिसांसारखे कल्ले आणि चेहरा हसरा. "सर, हा ॲक्सोलॉटल. वाढदिवसाला पप्पा घेऊन देणार आहेत. पाळला तर पाप नाही ना?"

मी म्हणालो, "पाळणे पाप नाही. पण ठेवणार कुठे?"

"मासे होते ना, त्याच काचपेटीत."

बाळांनो, चूक इथेच होते. उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा वाचा. देवाने दुसऱ्या दिवशी जले विभागली, तिसऱ्या दिवशी भूमी दिसू दिली आणि जलचर निर्माण केले ते पाचव्या दिवशी. आधी घर, मग जीव. आपण मात्र आधी जीव विकत आणतो आणि घराचा विचार नंतर करतो.

ॲक्सोलॉटल हा सॅलमँडर कुळातला. दिसायला पालीसारखा, पण बेडकासारखा उभयचर. सॅलमँडर आगीत जगतो, असा जुन्या काळी युरोपात समज होता. संत ऑगस्टीन यांनीही 'देवाचे नगर' या ग्रंथात त्याचा दाखला दिला आहे. प्रत्यक्षात या जीवाला गारवा लागतो. ॲक्सोलॉटलसाठी पाणी १६ ते १८ अंश असावे. २४ अंशांच्या वर ते काही दिवस राहिले, तर तो खाणे सोडतो आणि आजारी पडतो. आपल्या उज्जैनचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे! पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरते, बर्फाच्या बाटलीने तापमान खालीवर होत राहते. इथे पाणी थंड करणारे चिलर यंत्रच हवे, आणि वीज गेली तर काय, याचेही उत्तर हवे.

एका मोठ्या ॲक्सोलॉटलला निदान ७५ लिटरची पेटी लागते. तळाला खडे नकोत, कारण घासाबरोबर तो ते गिळतो. बारीक वाळू चालेल किंवा तळ मोकळा ठेवावा. फिल्टरचा झोत मंद, उजेड कमी, लपायला मडक्याचा तुकडा किंवा पाइप. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढावे. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे धीर. पाणी भरून, फिल्टर चालू ठेवून, रोज थोडा अमोनिया घालत पेटी चार ते सहा आठवडे जिवाविना ठेवावी लागते. विष्ठेतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात वाढतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत जीव आणू नये.

कायद्याचीही बाजू आहे. हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत असल्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. दार्जिलिंगच्या डोंगरातला आपला हिमालयीन सॅलमँडर तर संरक्षित आहे. त्याला पकडणे हा गुन्हा.

मग पाळणे चुकीचेच का? तसे नाही. मेक्सिकोतल्या पात्झ्क्वारो गावी डॉमिनिकन धर्मभगिनींचा मठ आहे. तिथल्या सरोवरातल्या सॅलमँडरपासून त्या खोकल्याचे औषध बनवत. सरोवरात तो दुर्मीळ होऊ लागला, तेव्हा त्यांनी मठातच त्याची पैदास सुरू केली. काचपेट्यांत, जुन्या बाथटबांत त्या त्याला वाढवतात, आणि आज इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातले तज्ज्ञ त्यांच्याबरोबर काम करतात. ज्याच्यापासून घेतले, त्याची राखण करणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. एदेन बाग मानवाच्या हाती दिली ती मशागत आणि राखण करण्यासाठीच (उत्पत्ती २:१५).

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याला मे महिन्यात पाणी थंड ठेवता येईल, त्याने अवश्य पाळावा. ज्याला जमणार नाही, त्याने हौसेपायी जीव आणू नये. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांत (१२:१०) सांगितले आहे. काळजी घेणे जमत नसताना आणलेला जीव ही माया नव्हे, ती मालकी झाली.

त्या मुलाला मी सांगितले, "पेटीत नुसते पाणी भर, थर्मामीटर लाव आणि रोज दुपारी आकडा लिहून ठेव." काल त्याने वही आणली. सहा दिवसांत एकदाही ३० च्या खाली नाही. वही मिटून तो हळूच म्हणाला, "मग नको, सर. त्याला त्रास होईल."

वर्षभर शिकवूनही मला जे समजावता आले नसते, ते या पोराला एका थर्मामीटरने समजावले.

हे प्रभो, तुझ्या निर्मितीतला एखादा जीव मागण्याआधी त्याच्यासाठी जागा तयार करण्याची बुद्धी आम्हाला दे. जमत नसेल तिथे 'नको' म्हणण्याचे बळही दे. आमेन.