कोठडींतल्या माणसालाहि अक्षर द्या

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत शाळामास्तराचें काम पोरांकडून मुळाक्षरें गिरवून घेतलीं म्हणजे संपत नाहीं. सातबाराचा उतारा, बँकेची नोटीस, कोर्टाचें समन्स, सारें त्याच्याच ओट्यावर वाचायला येतें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे तुरुंगांतून आलेलीं पत्रें येत असत. बांधाच्या भांडणांत हाणामारी होऊन एक शेतकरी आंत गेला होता. तो अंगठा उठविणारा, आणि त्याची कारभारीणहि तशीच. तो दुसऱ्या कैद्याकडून पत्र लिहवून घेई, ती तें आमच्याकडून वाचवून घेई. एकदां पत्र संपल्यावर ती बाई म्हणाली, "गुरुजी, ह्यांत त्यांचं सोताचं बोलणं कुठं हाय?" आम्ही निरुत्तर झालों. नवराबायकोचें सुखदुःख दोन परक्यांच्या तोंडून जावें, याहून मोठी कैद ती कोणती? गजांची कैद न्यायाधीशानें दिली. अज्ञानाची कैद त्याच्या जन्मापासूनच होती.

कैद्यांना पुस्तकें द्या असें म्हटलें कीं कांहीं शहाणे विचारतात, "चोराला आणि खुन्याला ही चैन कशाला?" या शहाण्यांनीं आपल्याच मुलखाकडे पाहावें. उमाजी नाईक यांना १८३१ सालीं भोराजवळच्या उत्रौलीस पकडलें आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यांत फांशीं दिलें. हे रामोशी वीर कोणत्या शाळेंत शिकले? पूर्वीं एकदां वर्षभर कैदेंत असतां त्यांनीं तेथेंच लिहिणें-वाचणें शिकून घेतलें. ही गोष्ट कोणा भाटानें रचलेली नाहीं. त्यांच्या पाठलागावर असलेला इंग्रज अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश यानेंच ती लिहून ठेविली आहे. ज्यांच्या जातीच्या पोरांना शाळेची पायरी ठाऊक नव्हती, त्यांना अक्षर भेटलें तें तुरुंगांत! तीं अक्षरें कोणा सरकारनें शिकविलीं नव्हतीं. शिकणाऱ्याच्या जिद्दीनें तीं मिळविलीं. मग आज ज्याला तितकी जिद्द नाहीं, त्याला कोणी हात देऊंच नये काय?

तुरुंगांत जन्मलेल्या ग्रंथांचा आपल्याकडे मोठा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. टिळकांनीं मंडालेस 'गीतारहस्य' लिहिलें. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. परंतु हीं माणसें शिकून आंत गेलीं होतीं. त्या काळीं कैद्यांना शिक्षण आणि राहणी पाहून अ, ब, क असे वर्ग मिळत. खेड्यांतला शेतकरी, मजूर, चांभार कोणत्या वर्गांत पडत असेल, हें सांगावयास नको. आजहि तुरुंग भरले आहेत ते बहुतेक गरिबांनीं आणि अर्धवट शिकलेल्यांनीं. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत मात्र एक निराळी गोष्ट घडली. दर रविवारीं विनोबा गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी तें उतरून घेत. यांतून एक शिकण्यासारखें आहे. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला ऐकतां येतें. एक वाचणारा असला तर सारी बराक शहाणी होऊं शकते.

आतां कायद्याचें पाहूं. प्रभाकर संझगिरी यांना चौकशीवांचून मुंबईच्या तुरुंगांत स्थानबद्ध केलें होतें. तेथें त्यांनीं अणूच्या अंतरंगाविषयीं मराठींत पुस्तक लिहिलें. तें छापण्यासाठीं बाहेर पाठविण्यास सरकारनें नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९६५ सालीं न्यायालयानें सरकारचें अपील फेटाळलें. देह कोंडला म्हणून लेखणीहि कोंडतां येत नाहीं, हा त्याचा अर्थ. पुढें २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं नेल्सन मंडेला यांच्या नांवानें नियम केले. त्यांत प्रत्येक तुरुंगांत सर्व प्रकारच्या कैद्यांसाठीं ग्रंथालय असावें आणि निरक्षरांना शिकवावें असें स्पष्ट सांगितलें आहे. ब्राझील देशानें २०१२ सालीं आणखी पुढें पाऊल टाकलें. तेथें एक पुस्तक वाचून त्यावर टिपण लिहिलें कीं शिक्षेंतले चार दिवस कमी होतात. वर्षाला बारा पुस्तकें, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस!

आपल्या महाराष्ट्रांतहि येरवड्यासारख्या मोठ्या तुरुंगांत मुक्त विद्यापीठांचें शिक्षण मिळतें, आणि परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला शिक्षेंत सूट मिळते. ही गोष्ट चांगली आहे. पण पदवीची शिडी ज्याला पहिली पायरी सांपडली त्याच्याच कामाची. शिवाय ही सूट शिक्षा झालेल्यांनाच. २०२२ च्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांतील दर चार कैद्यांपैकीं तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाहीं. त्यांना सक्तीचें काम नाहीं, सूट नाहीं, तारखेची वाट पाहणें तेवढें आहे. या रिकाम्या दिवसांत त्यांच्या हातीं पुस्तक पडलें नाहीं, तर बराकेंतला अट्टल गुन्हेगारच त्यांचा गुरु होतो. असा शिकून बाहेर आलेला माणूस शेवटीं आपल्याच गांवांत यावयाचा आहे, हें चैनीचा प्रश्न विचारणाऱ्यांनीं विसरूं नये.

म्हणून आमचें मागणें साधें आहे. प्रत्येक बराकेंत लिहित्या-वाचत्या कैद्याकडे शिकविण्याचें काम सोंपवावें आणि तें दळण-विणकामाइतकेंच काम म्हणून मोजावें. रोज घटकाभर मोठ्यानें वाचन व्हावें. पुस्तकें मोठ्या टाइपाचीं, सोप्या मराठींतलीं असावींत. शेती, सुतारकाम, शिवणकाम, जामीन आणि फुकट वकील कसा मिळतो, हें सांगणारीं असावींत. १९६७ च्या कायद्यानें गांवोगांवच्या ग्रंथालयांना अनुदान मिळतें. त्यांनीं तुरुंगाच्या अधीक्षकास पत्र लिहून काय हवें तें आधीं विचारावें आणि मग चांगलीं पुस्तकें द्यावींत. वाळवी लागलेली रद्दी पाठवून पुण्य जोडूं नये. आणि सुटून आलेल्या माणसाला वाचनालयाची पायरी चढतांना कोणी हटकूं नये.

त्या बाईनें पुढें आमच्याच ओट्यावर अक्षरें गिरविलीं. वांकड्यातिकड्या चार ओळी तिनें स्वतः लिहून तुरुंगांत धाडल्या. उत्तर आलें तें मात्र पुन्हां परक्याच हातचें होतें. बाहेर एका मास्तराला जमलें तें आंत जमूं नये, असें काय आहे? बांधवहो, त्या उत्तराखालीं कैद्याची स्वतःची सही येईल, तो दिवस आणणें आपल्या हातीं आहे.