मगनवाडीचा ख्रिस्ती हिशेबनीस

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती सेवाभावाचे गोडवे गाणारे लेख छापून येतात आणि त्यांत परिचारिका असतात, अनाथालये असतात. परंतु हा भाव ज्यांनी जमाखर्चाच्या वहीत उतरविला, त्या जे. सी. कुमारप्पांचे नाव, त्यांची कर्मभूमी असलेल्या वर्ध्यातसुद्धा, अशा प्रसंगी क्वचितच निघते.

१८९२ साली तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, लंडनला हिशेबतपासनिसाची विद्या संपादून मुंबईत बस्तान बसविलेले, आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात ब्रिटिश अंमलाने हिंदुस्थान कसा नागविला हे आकड्यांनिशी ताडून पाहणारे हे गृहस्थ १९२९ साली गांधीजींना भेटले. आणि १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्याचे चिटणीस होऊन जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. त्याच वर्षी बिहारच्या भूकंपग्रस्तांच्या निधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. स्वयंसेवकाच्या रोजच्या जेवणाला काही आण्यांची मर्यादा घालून देणाऱ्या या खजिनदाराने खुद्द गांधीजींच्या परिवाराचा खर्चही त्या निधीतून देण्यास साफ नकार दिला.

मगनवाडीत घाणी चालली, हातकागद निघाला, मधमाश्या पाळल्या गेल्या, आणि रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला. या कंदिलात धर्म कोठे, असे कोणी विचारील. कुमारप्पांचे उत्तर असे की जिन्नस विकत घेणारा तो ज्या रीतीने निपजला त्या रीतीच्या पापपुण्याचाही भागीदार होतो. घाणीचे तेल घेतले तर तेल्याला काम मिळते व पेंड गावच्या गुरांच्या मुखी पडते, म्हणून शेजारधर्माची कसोटी त्यांनी देवघरातून उचलून बाजारात नेली. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्यांनी सृष्टीतील व्यवहारांची चढती श्रेणी लावली: तळाशी मेंढीवर जगणारा वाघ, मग आमराई लुटणारे माकड, मग स्वतःचे घरटे बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी, आणि सर्वांच्या वर, परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना चारा भरविणारी पक्षिणी.

ही श्रेणी मला विशेष मोलाची वाटते ती अशासाठी की तिच्यात सेवा हा देहदंड नसून प्राणिमात्राच्या वाढीची परिणती आहे. आत्मत्याग म्हणजे निःसत्त्व होणे, अशी जी समजूत आपल्या प्रवचनांतून पोसली गेली आहे, तिला कुमारप्पांचे चरित्र मुळीच दाद देत नाही. ते तापट होते. साम्राज्याची पाठराखण करणाऱ्या धर्मगुरूंशी येशूच्याच शिकवणुकीच्या आधारे भांडले, आणि स्वराज्य आल्यावर काँग्रेस सरकारलाही त्यांनी सोडले नाही. द्रव्य व प्रतिष्ठा गेली, पण माणूस खुरटला नाही. पुढे वर्धा जिल्ह्यातीलच सेलडोहला शेतीचे प्रयोग करीत राहण्याइतकी उमेद शाबूत होती. १९६० साली, गांधीजींच्याच पुण्यतिथीस, त्यांचे देहावसान झाले.

घाणी गिरणीपुढे टिकली नाही, हे खरे. त्यांची सारीच गणिते आज जुळतील असे मी म्हणत नाही. तथापि जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या वार्षिक सभेत वर्गणी आणि दशांश यांच्या जमेबरोबर खरेदीची बिलेही वाचून दाखवावीत, म्हणजे सणाचा माल कोणाकडून घेतला व तो करणाराच्या हाती किती पडले ते कळेल, अशी माझी पाळकांना आणि पंचांना सूचना आहे. सभेत तंटा होईल. कुमारप्पा असते तर त्यात सर्वांआधी उठून उभे राहिले असते.

— दफ्तरदार