लिनक्स फुकट आहे, पण ॲप कोण बनवणार?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही. लिनक्स बसतं, तेही फुकट. तरी दुकानदार वळत नाही, कारण त्याचा हिशेब टॅलीत आणि टॅली विंडोजसाठी बनलेलं. गिऱ्हाईक नाही म्हणून स्टार्टअप लिनक्ससाठी ॲप बनवत नाहीत, आणि ॲप नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही.

तांत्रिक अडचण आता कमी झालीय. फ्लॅटहबवर टाकलेलं एकच पॅकेज उबंटू, फेडोरा, मिंट सगळीकडे चालतं. पण नव्या कंपनीला दर महिन्याला पगार काढायचे असतात. तिला मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्वज्ञान ऐकवून काय उपयोग? गिऱ्हाईक दाखवा! केरळने सरकारी शाळांतले कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, तसं एकगठ्ठा गिऱ्हाईक सरकारच उभं करू शकतं.