वर्ध्याचा विसरलेला धडा

प्रस्थापितांच्या वर्तुळाबाहेरचा माणूस सर्वोच्च पदाच्या निवडणुकीत मुसंडी मारतो, तेव्हा राजकीय पंडित अचंबित होतात. २०१६ मध्ये पूर्वी कोणतेही सरकारी पद न भूषविलेले डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेत निवडून आले. २०१७ मध्ये जेमतेम वर्षभराच्या पक्षाच्या बळावर मॅक्रॉन फ्रान्सचे, तर २०१९ मध्ये विनोदी नट झेलेन्स्की युक्रेनचे अध्यक्ष झाले. दरवेळी मतदारांच्या लहरीकडे बोट दाखविले गेले. पण लहर अकारण उठत नाही. तिचे मूळ शोधण्यासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. वर्ध्यापर्यंत गेले तरी पुरे.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले आणि वर्धा हीच काँग्रेसची खरी राजधानी झाली. जमनालाल बजाज यांच्या आतिथ्यात कार्यकारिणीच्या बैठका होत. देशाचे निर्णय तेथे ठरत. अध्यक्षपदाचे नावही बहुधा श्रेष्ठींच्या विचारविनिमयातून निघे आणि प्रतिनिधी त्यावर शिक्कामोर्तब करीत. १९३९ मध्ये ही रीत मोडली. विद्यमान अध्यक्ष सुभाषचंद्र बोस पुन्हा उभे राहिले. मौलाना आझाद यांनी माघार घेतल्यावर श्रेष्ठींचे उमेदवार म्हणून डॉ. पट्टाभी सीतारामय्या पुढे आले. सुभाषबाबूंनी मागे सरावे, असे पत्रक सरदार पटेलांसह कार्यकारिणीच्या सदस्यांनी काढले. तरीही २९ जानेवारीच्या मतदानात सुभाषबाबू दोनशेहून अधिक मतांनी विजयी झाले.

सुभाषबाबू काही नवखे नव्हते. पण निर्णय घेणाऱ्या वर्तुळात ते उपरेच होते. मग गांधीजींचा कौल ठाऊक असूनही प्रतिनिधींनी त्यांना मते का दिली? एक तर, १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेबाबत श्रेष्ठी तडजोड करतील, ही शंका तरुणांच्या मनात होती आणि तिचे निरसन कोणी करीत नव्हते. दुसरे असे की, १९३७ मध्ये प्रांतोप्रांती मंत्रिमंडळे आली आणि लढ्याची धार बोथट होत असल्याची भावना बळावली. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. माघारीच्या त्या पत्रकाने निवडणूक व्यक्तींची उरली नाही. प्रतिनिधीच्या मताला किंमत आहे की नाही, असा तो प्रश्न झाला. ज्याला केवळ मान डोलवायला बोलावले जाते, तो संधी मिळताच मान हलवून नकार देतो.

मात्र कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. हा पराभव पट्टाभींपेक्षा आपलाच आहे, असे गांधीजींनी जाहीर केले. २२ फेब्रुवारीला वर्ध्यात कार्यकारिणी भरली. आजारी सुभाषबाबू येऊ शकले नाहीत आणि बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये त्रिपुरीला गांधीजींच्या इच्छेनुसारच कार्यकारिणी नेमण्याचे बंधन अध्यक्षावर घालणारा पंत ठराव संमत झाला आणि २९ एप्रिलला सुभाषबाबूंनी पद सोडले. ज्या प्रतिनिधींनी त्यांना जिंकविले, त्याच सभागृहात संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. मतपेटी एका दिवसात जिंकता येते. संघटना वर्षानुवर्षांच्या कष्टाने उभी करावी लागते. एकमताच्या कार्यकारिणीशिवाय काम चालत नाही, हा श्रेष्ठींचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. परंतु लोकशाही मार्गाने मिळालेला कौल बैठकीत निष्प्रभ केला, की संघटनेची काय हानी होते, हेही त्याच वर्षी दिसले.

काँग्रेसमध्ये २०२२ साली बावीस वर्षांनी अध्यक्षपदासाठी मतदान झाले. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. एवढ्या कालखंडानंतर मतपेटी यावी, यातच सारे आले. पण इतरांनी यावर हसण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या उमेदवारीपासून वरच्या पदांपर्यंत नावे वरून येण्याची रीत आज कोणत्या पक्षात नाही? सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला आपले नेते कोण, हे वर्तमानपत्रातून कळत असेल, तर बंद दाराआड साठणारी नाराजी एक दिवस दार फोडून बाहेर येते.

उपरा जिंकतो तो स्वतःच्या तेजाने कमी आणि आतल्यांच्या बहिरेपणाने अधिक. त्याला रोखण्याचा मार्ग माघारीची पत्रके काढण्यात नाही. कार्यकर्त्याचे म्हणणे वेळीच ऐकण्यात आहे. वर्ध्याने हा धडा १९३९ मध्येच दिला आहे. तो गिरवायचा की पुन्हा किंमत मोजून शिकायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.