डोक्याला लागले की खेळ तिथेच थांबावा

ग्वाल्हेरकरांना हॉकीचे कौतुक आम्ही नव्याने सांगायला नको. कॅप्टन रूपसिंह आपल्या गावचे. त्यांच्या नावाच्या मैदानावर लोक आज सचिनच्या २०१० मधल्या द्विशतकाच्या आठवणी काढतात, ही गंमत वेगळी. राज्याची महिला हॉकी अकादमीही आपल्याच शहरात आहे. हॉकी हे इथल्या कितीतरी घरांत मुलामुलींचे स्वप्न असते, म्हणून कॅनडातल्या दोन भावांची हकिकत या अंकात सांगावीशी वाटली. त्यांची हॉकी बर्फावरची. पायांत स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चकती, आणि चकती ज्याच्याकडे आहे त्याच्या अंगावर जाऊन धडक देणे तिथे नियमात बसते.

धाकटा ब्रेट लिंड्रॉस. १९९४ साली न्यूयॉर्क आयलंडर्स या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. डोक्याला एकामागून एक हादरे बसले आणि १९९६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, अवघे ५१ सामने खेळून त्याला कायमचे थांबावे लागले. आपल्याकडे त्या वयात मुलगा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असतो!

थोरला एरिक हा तर त्या खेळातला हिरा. १९९५ मध्ये लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला, फिलाडेल्फिया फ्लायर्सचा कर्णधार होता. मार्च २००० मध्ये डोक्याला मार बसल्यावरही तो खेळत राहिला. मेंदूला हादरा बसल्याचे संघाच्या वैद्यकीय मदतनिसांनी ओळखले नाही, असे त्याने उघड सांगितले. त्यावर व्यवस्थापनाने त्याचे कर्णधारपद काढून घेतले. त्याच वर्षी २६ मे रोजी स्कॉट स्टीव्हन्सच्या धडकेने तो बर्फावर कोसळला आणि पुढचा अख्खा हंगाम बाहेर बसला. ती धडक तेव्हाच्या नियमांत बसणारी होती. पंचांनी शिक्षा दिली नाही. पुढे २००४ मध्ये स्वतः स्टीव्हन्सलाही अशाच हादऱ्याच्या त्रासाने मैदान सोडावे लागले, ते कायमचेच.

या हादऱ्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो, पिळवटतो. बाहेर टेंगूळ नसते, रक्त नसते, साधा सीटी स्कॅनही बहुधा स्वच्छ येतो. मूल बेशुद्ध पडलेच पाहिजे असेही नाही; बहुतेक वेळा पडत नाही. डोके दुखणे, गरगरणे, उजेड सहन न होणे, धडा वाचून लक्षात न राहणे, उगीच चिडचिड होणे, अशी ही लक्षणे. कित्येकदा ती काही तासांनी, घरी गेल्यावर दिसू लागतात. हेल्मेटने कवटी फुटायची वाचते, पण आतला मेंदू हलायचा राहत नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर दुखणे महिनोन् महिने लांबते, आणि क्वचित जिवावरही बेतते. ओटावाची सतरा वर्षांची रोवन स्ट्रिंगर रग्बी खेळायची. आठवड्याभरात डोक्याला एकाहून अधिक वेळा मार बसूनही ती खेळत राहिली आणि मे २०१३ मध्ये गेली. त्यानंतर ओंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये तिच्या नावाचा कायदा केला.

लहान मुलांच्या बाबतीत कॅनडात एक चांगली तुलना झाली. अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना धडक देण्याची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्बर्टाच्या मुलांना कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त आढळला. मग २०११ मध्ये अमेरिकेने आणि २०१३ मध्ये कॅनडाने त्या वयोगटात धडक बंद केली. खेळ बंद पडला नाही. नियम बदलला, एवढेच.

आपल्या हॉकीत धडक देणे हा फाऊल, हे खरे. पण कडक चेंडू, वर उचललेली स्टिक, दोघे एकाच चेंडूवर धावणे हे आपल्याकडेही आहेच. क्रिकेटही त्यातून सुटलेले नाही. २०२१ मध्ये सिडनीला भारताविरुद्ध पहिल्याच कसोटीत ६२ धावा करणारा ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्हस्की डोक्याला वारंवार मार बसल्याने २०२५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला.

आणि आपल्या मैदानांवर होते काय? तोंडावर पाणी मारायचे, “काही नाही झाले, ऊठ” म्हणायचे, की सामना पुढे सुरू. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. आमचेही म्हणणे असे नाही की पालकांनी मुलांना खेळातून काढावे. गुडघे फुटतील, नखे जातील, त्याला इलाज नाही. पण डोक्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे निर्णय मुलावर सोपवता येत नाही. “बरं वाटतंय का?” असे विचारले तर खेळायला आसुसलेले मूल “हो सर” असेच म्हणणार.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की शाळेने लेखी नियम करावा. डोक्याला लागून एकही लक्षण दिसले तर त्या दिवशी खेळ संपला. मग एक-दोन दिवस विश्रांती, त्यानंतर हलके चालणे, वर्गात बसणे, एकेक पायरी चढत सराव, आणि डॉक्टरांनी लेखी दिल्यावरच सामना. वर्गशिक्षकांनाही कळवावे, नाहीतर डोके दुखणाऱ्या मुलाला चाचणी परीक्षेत आळशी ठरवले जाईल. पालकहो, सर बाहेर बसवतील तेव्हा कुंपणाजवळ येऊन त्यांच्याशी हुज्जत घालू नये. फायनल असली तरी.

खरी अडचण निवडीच्या दिवसाची आहे. त्या दिवशी बाहेर बसलो तर वर्ष गेले, ही धास्ती असते आणि मुले दुखणे लपवतात ती तिच्यापायीच. तेव्हा दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या मुलामुलींची निवड चाचणी बरे झाल्यावर वेगळी घ्यावी, आणि तोवर संघातली एक जागा रिकामी ठेवावी. आमच्या मते नियमातले हे कलम सर्वांत आधी लिहायला हवे.