आतड्याच्या अभ्यासाची वाट गोठ्यातून गेली आहे

मानवी आतड्यातील जिवाणूंविषयी अलीकडे वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि औषधाच्या दुकानांतील फलकांवर इतके बोलले जाते, की हा विषय केवळ डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा आहे असा समज रूढ झाला आहे. कृषी विस्ताराच्या कामात असलेल्यांनी हा समज स्वीकारू नये, असे माझे मत आहे. या शास्त्रातील अत्यंत निर्णायक तंत्र रुग्णालयात नव्हे, तर गुरांच्या कोटीपोटाचा अभ्यास करताना घडले. आणि त्यातून निघालेला आजचा सर्वांत गंभीर प्रश्नही गोठ्यापाशी व कुक्कुटपालनाच्या शेडपाशीच येऊन ठेपतो.

थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने म्युनिक येथे १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा केला. पुढे त्याच्याच नावावरून तो एशेरिशिया कोलाय, म्हणजेच आपला नेहमीचा ई. कोलाय, म्हणून ओळखला जाऊ लागला. हा जिवाणू प्राणवायू असो वा नसो, दोन्ही स्थितींत वाढतो. त्यामुळे तो काचेच्या बशीत सहज उगवला आणि आतड्याचा प्रमुख रहिवासी तोच, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. वस्तुतः प्रौढ माणसाच्या मोठ्या आतड्यात त्याचा वाटा शंभरात एकही नसतो. उरलेले बहुसंख्य जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत, पण बशीत उगवत नसत, कारण हवेतील प्राणवायू हेच त्यांच्यासाठी विष होते.

ही कोंडी फोडली ती रॉबर्ट हंगेट या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने. त्याचा आरंभीचा अभ्यास वाळवीच्या पोटातील सूक्ष्मजीवांचा होता. लाकूड खाणारी वाळवी आणि कडबा खाणारी गाय, दोघींचेही पचन परक्या जिवांच्या आधाराने चालते, हे त्याने नेमके हेरले. कोटीपोटातील तंतुमय चारा कुजवणारे जिवाणू वाढवण्यासाठी त्याने प्राणवायू पूर्णपणे काढून टाकलेला कार्बन डायऑक्साइड नळीत खेळवला, पातळ केलेले अगार माध्यम त्यात घातले आणि ती नळी आडवी फिरवत थंड केली. माध्यमाचा पातळ थर नळीच्या आतल्या भिंतीवर बसला, नळीचे तोंड घट्ट बंद राहिले, आणि आजवर न उगवलेल्या जिवाणूंच्या वसाहती त्या थरावर दिसू लागल्या. १९५० च्या सुमारास प्रस्थापित झालेले हे तंत्र पुढे अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील कृषी परंपरेच्या विद्यापीठात मूर आणि होल्डमन यांनी मानवी विष्ठेसाठी वापरले. हवाईतील २० जपानी वंशाच्या व्यक्तींच्या आतड्यातील जिवाणूंची त्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेली तपशीलवार नोंद या क्षेत्रातील मैलाचा दगड मानली जाते. डीएनए वाचनाची यंत्रे आली ती बरीच नंतर.

सुबाभळीचे उदाहरण आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. तिच्या पाल्यातील मिमोसीनमुळे जनावरांचे केस गळतात व गलग्रंथी सुजते. म्हणून एकूण चाऱ्यात सुबाभूळ एक तृतीयांशापेक्षा अधिक नको, असा सल्ला आपण देत आलो आहोत. ऑस्ट्रेलियातील रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले, की हवाईतील शेळ्या भरपूर सुबाभूळ खाऊनही निरोगी राहतात. तेथील शेळ्यांच्या कोटीपोटातील जिवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांत सोडताच त्यांनाही हा चारा पचू लागला. या कामगिरीमागील एका जिवाणूला १९९२ मध्ये जोन्स यांचेच नाव मिळाले. जनावर तेच, चारा तोच. बदलले होते ते फक्त पोटातील बिऱ्हाड.

हा दाखला मी मुद्दाम देतो, कारण आतड्यातील जिवाणूंच्या नावाने चाललेल्या बाजारात अशी नेमकी कार्यकारणसाखळी क्वचितच दाखवली जाते. शरीरातील जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट असतात, हा आकडा अजूनही भाषणांत ऐकू येतो. २०१६ मध्ये झालेल्या फेरमोजणीनुसार जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि मानवी पेशी सुमारे ३० लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीच. जीवामृतावरील व्याख्यानांतही शेणातील कोट्यवधी जिवाणूंची गणना होते. परंतु आतड्यातील बहुतेक जिवाणू उघड्या हवेत तग धरत नाहीत, हे हंगेटने दाखवलेले सत्य तेथे सांगितले जात नाही. कोणते जिवाणू, किती जिवंत आणि काय करणारे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणतेही प्रोबायोटिक खाद्य शेतकऱ्याला सुचवू नये.

आता प्रतिजैविकांकडे वळू. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचे राखीव औषध. २०१५ च्या अखेरीस चीनमधील संशोधकांनी डुकरांतील ई. कोलायमध्ये या औषधाला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ हे जनुक आढळल्याचे जाहीर केले. ते एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाऊ शकते आणि रुग्णांच्या नमुन्यांतही सापडले होते. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरास भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु एका औषधावरील बंदीने खाद्यातून अल्प मात्रेत प्रतिजैविके देण्याची सवय सुटत नाही. एका तुकडीतील मरतुक ज्याचे वर्षाचे गणित बिघडवते, त्या कुक्कुटपालकाला दोष देणे सोपे आहे. त्याला लसीकरण, शेडची स्वच्छता आणि पाण्याची गुणवत्ता यांचे भरवशाचे मार्गदर्शन वेळेवर मिळते का, हा खरा प्रश्न आहे.

येथे एक गल्लत विस्तार कार्यकर्त्यांकडूनही होते. औषधाचा प्रतीक्षा कालावधी पाळला की काम संपले, असे आपण सांगतो. त्या कालावधीने दूध-मांसातील औषधाचा अंश घटतो. प्रतिरोधक झालेले जिवाणू मात्र नाहीसे होतात असे नाही. ते शेणातून, कोंबडीखतातून शेतात, विहिरीत आणि हाताळणाऱ्याच्या घरात पोहोचू शकतात. म्हणून कोंबडीखत कच्चे न टाकता नीट कुजवून वापरण्याचा सल्ला केवळ पिकाच्या पोषणाशी जोडू नये.

दुसरी निकड नमुन्यांची आहे. भारतीयांच्या आतड्यात वनस्पतिजन्य आहाराशी संबंधित प्रिवोटेला गट ठळकपणे आढळतो, असे देशातील अभ्यास दाखवतात. तरीही जागतिक संदर्भसाठे मुख्यतः युरोप-अमेरिकेतील नमुन्यांवर उभे आहेत. ज्वारी, नाचणी, कोदो खाणारी कुटुंबे आणि त्यांच्या भोवतालची देशी जनावरे यांचा आहार झपाट्याने बदलत आहे. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेत कोटीपोटावर काम चालते. कृषी विज्ञान केंद्रांनी या संस्थांच्या मार्गदर्शनाखाली, संबंधितांच्या संमतीने, कुटुंब आणि गोठा यांचे नमुने एकत्र गोळा करावेत. प्रत्येक नमुन्यासोबत त्या हंगामातील धान्य, चारा आणि दिलेल्या औषधांची लेखी नोंद असावी. ती नोंद शीतपेटीतल्या कुपीइतकीच जपावी लागेल.